मदत हवी आहे: कोयना खोऱ्याच्या धरणाआधीच्या टोपोशीट्स (डोंगर, नद्या, वाटा, गावं दाखवणारे सरकारी नकाशे) कुठे बघायला मिळतील?

मंडळी नमस्कार, सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे हाताळलेलं कुणी इथे असेल तर प्लीज वाचा, जरा लांब झालंय.

आमचं मूळ गाव जावळी तालुक्यातलं, तापोळा आणि बामणोलीच्या मधल्या पट्ट्यात, कोयनेच्या काठाला. आता शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या पाण्यात आहे. (नाव व्यनितून म्हणजे खासगी निरोपातून सांगतो, घरच्यांना इथे नको आहे.) धरणात पाणी अडवायला लागले तेव्हा काही घरं वर डोंगरात सरकली, काहींना सोलापूरकडे जमिनी दिल्या, आम्ही ठाणे जिल्ह्यात आलो. गाव बघितलेली, त्यात वावरलेली माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत आणि दरवर्षी एखादं कमी होतंय, म्हणून घाई आहे.

मला हव्यात त्या धरणाच्या आधी छापलेल्या, एक इंचाला एक मैल स्केलच्या शीट्स, ४७ जी/९, १०, १३ आणि १४. चारही लागतील कारण १७ अंश ४५ मिनिटं अक्षांश आणि ७३ अंश ४५ मिनिटं रेखांश जिथे छेदतात तो कोपरा नेमका आमच्याच भागात येतो, म्हणजे गाव एका शीटवर, पलीकडची शेतं दुसरीवर, वासोटा किल्ला ४७ जी/१० वर असं सगळं तुकड्यातुकड्यात आहे.

आत्तापर्यंत काय केलं ते सांगतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या साईटवरून ५० हजारी (१:५०,०००) नवे नकाशे उतरवले, त्यात अर्थातच निळं पाणी आणि काठावरची गावं. टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीने ठेवलेले अमेरिकन आर्मीचे १९५० च्या दशकातले अडीच लाखी (१:२,५०,०००) नकाशे पण बघितले, ते फुकट मिळतात आणि चांगले आहेत पण त्या स्केलला वाड्या कुठून दिसणार. सॅटेलाईटचा उंचीचा डेटा तर या कामाला निरुपयोगीच, त्यात जलाशय म्हणजे नुसता सपाट पत्रा, तळ नाहीच.

माझे चुलत आजोबा या मे महिन्यात घरी होते. त्यांनी काठी आडवी ठेवली, म्हणाले ही कोयना, चुन्याची डबी ठेवली तो नदीचा उतार म्हणजे पायी ओलांडायची जागा, आगकाड्या मांडल्या त्या वाड्या, आणि मग बोटाने वाट काढत गेले, मेट इंदवलीवरून वर, नागेश्वराच्या अंगाने खाली चोरवण्याला म्हणजे थेट कोकणात, खेडच्या बाजूला. बाजाराला, पाहुण्यांकडे, शिवरात्रीला नागेश्वराला, याच वाटेने माणसं जायची म्हणे. मी मोबाईलवर फोटो काढला पण त्याला ना स्केल ना दिशा. त्यांच्यापुढे खरा नकाशा पसरून बसायचंय, ते बोट ठेवतील तिथे देवाचं नाव, झऱ्याचं नाव, कुणाचं खाचर ते लिहून घ्यायचंय.

तर प्रश्न असे की या शीट्सच्या जुन्या आवृत्त्या पुण्यात कुठे बघायला मिळतात का, स्कॅन करू देतात का, आणि स्कॅन मिळालाच तर आजच्या नकाशावर नीट बसवायचा कसा. कुणा जुन्या ट्रेकरच्या घरी घडी घातलेली पडून असेल तर तिचीसुद्धा मदत होईल.

प्रतिसाद, घाटपायथा:
दादा, फार चांगलं काम हातात घेतलंय. पुण्यात आळंदी रोडला, फुलेनगरला सर्व्हे ऑफ इंडियाचं ऑफिस आहे, तिथे लेखी अर्ज घेऊन जा आणि शीट नंबरसोबत "धरणपूर्व आवृत्ती" असं स्पष्ट लिहा, नाहीतर नवीच शीट हातात देतील. जुन्या कॉलेजांच्या भूगोल विभागात पण विचारा, प्रॅक्टिकलसाठी एक इंची शीट्सचे गठ्ठे असायचे, आता कपाटाच्या खालच्या खणात असतील. भूमी अभिलेखकडचा गाव नकाशा वेगळा, त्यात सर्व्हे नंबरच्या हद्दी मिळतात, उंची आणि डोंगरवाटा नाही मिळत, पण खाचर कुणाचं हे शोधायला तोच लागेल.

बसवण्याबद्दल, जुन्या शीटचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्टच्या गोलावर (पृथ्वीचा आकार मानायची जुनी पद्धत) आहेत, जीपीएसचे डब्ल्यूजीएस ८४ या नव्या पद्धतीवर. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये शीटचे चार कोपरे टाकताना कल्याणपूर डेटम (जुन्या शीटचा मोजणीचा आधार) निवडा, तसंच आजचं समजून टाकलंत तर तुमच्या भागात सगळं शंभर मीटरच्या वर सरकेल आणि देऊळ नदीत जाईल. वासोट्याचं टोक बरोबर बसलं का ते तपासा, ते हललेलं नाही.

आणि एक, उंची त्या शीटवर फुटात आहे. कोयना धरण पूर्ण भरल्यावरची पाणीपातळी २१६३ फुटांच्या आसपास. म्हणजे २१५० ची समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा) पेन्सिलने गिरवलीत की तिच्या आतलं सगळं बुडालेलं, तिच्या लगत बाहेरची तेराएक फूट उंचीपर्यंतची पट्टीही धरण भरलं की पाण्यात, त्याच्या वरचं अजून पायाखाली आहे. तुमच्या वाटेचा वरचा भाग त्यामुळे आजही चालता येण्यासारखा निघेल, फक्त तो आता कोयना अभयारण्यात आणि व्याघ्र प्रकल्पात येतो, परवानगीशिवाय जाऊ नका.

मूळ धागाकर्ता:
काका, मनापासून आभार, २१५० च्या रेषेचं तर डोक्यातच आलं नव्हतं. आजोबा म्हणतात देवराई पाण्याच्या वर राहिली, थोरली आत्या म्हणते बुडाली, तो वाद पण यातून सुटेल बहुतेक. सोमवारी पुण्याला जातोय अर्ज घेऊन.

तोवर कुणाकडे शीट सापडली तर एक विनंती, फोटो काढताना चारही बाजूंचा समास आणि खालची छपाईची व सर्व्हेच्या वर्षाची ओळ कापू नका, कोपऱ्यातले आकडे नसले तर बसवता येत नाही. शीट सपाट टेबलावर ठेवून, घडीच्या रेषा दिसल्या तरी चालतील. आणि कांदाटी किंवा सोळशी खोऱ्यातल्या कुणाला आपापल्या गावासाठी हे हवं असेल तर शीट नंबर आणि गावाचं नाव मला व्यनि करा, एकाच अर्जात मागतो.