मुलांना स्वतःचं स्वतः कळावं की आपल्याला किती आलंय, यासाठी वर्गात काय करता?

गणित_सहावी
नमस्कार मंडळी, जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला गणित शिकवते. सध्या भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज चालू आहे. समजलं का विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात होऽऽ म्हणतो आणि वह्या बघितल्या तर बऱ्याच जणांनी १/२ + १/३ = २/५ लिहिलेलं, म्हणजे अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून मोकळे. मुलं खोटं बोलत नाहीत हो, त्यांना मनापासून वाटतं की आपल्याला येतंय. त्यात आता नव्या समग्र प्रगतीपत्रकात मुलाने स्वतःचं मूल्यमापन करायचा भाग आहे, तो भरून घेतला की सगळे सगळ्यात वरचाच पर्याय निवडतात. कुणी हे खरोखर उपयोगी पडेल असं करून घेतलंय का?

खडू_डस्टर
मॅडम, समजलं का हा प्रश्नच बंद करा, त्याचं उत्तर हो शिवाय काही येत नाही. मी आधी गणित सोडवायला देतो, मग उत्तराशेजारी खूण करायला सांगतो, खात्री आहे / थोडी शंका आहे / अंदाजे ठोकलंय, आणि मगच उत्तर फळ्यावर लिहितो. खात्री म्हणून खूण केली आणि उत्तर चुकलं, ती जागा सगळ्यात महत्त्वाची, तिथे मूल स्वतःहून थबकतं आणि सर असं कसं म्हणून विचारायला येतं.

आणि तुमच्या उदाहरणात तर तपासायची सोय गणितातच आहे. २/५ हे अर्ध्यापेक्षा मोठं की लहान एवढंच विचारा. पाचातले अडीच म्हणजे अर्धं, दोन म्हणजे त्याहून कमी. मग अर्ध्या भाकरीत अजून तुकडा घातला आणि ती अर्ध्याहून कमी कशी झाली? हे एकदा मुलाच्या लक्षात आलं की पुढच्या प्रत्येक बेरजेला ते आधी अंदाज बांधतं, आणि आपलं उत्तर पटण्यासारखं आहे का हे बघायला त्याला तुमच्या लाल पेनाची वाट बघावी लागत नाही. स्वयंमूल्यमापन म्हणून वेगळा तक्ता छापण्यापेक्षा मला ही सवय लाखमोलाची वाटते.

मराठी_आठवी
खडूसरांशी सहमत पण भाषेत असं पटकन ताडून बघता येत नाही, तिथे मुलाला चांगलं म्हणजे काय हेच माहीत नसतं. मी पत्रलेखनाला तीन नमुने देते, नावं काढलेले, मुद्दाम वेगवेगळ्या दर्जाचे. गटात बसून सगळ्यात चांगलं कुठलं आणि का ते ठरवायचं. त्यांनी सांगितलेली कारणं त्यांच्याच शब्दांत फळ्यावर येतात, "काय पाहिजे ते पहिल्या दोन ओळीत कळतं", "उगाच फुलवलं नाही" वगैरे. मग आपलं पत्र घेऊन त्या कारणांशी लावून बघायचं आणि एकच गोष्ट सुधारून परत लिहायचं. परत लिहायला वेळ दिला नाही तर सगळं वाया, हे ठासून सांगते. सॅडलर नावाच्या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने १९८९ मध्येच मांडलंय की कुठे पोचायचंय, आता कुठे आहोत आणि मधलं अंतर कसं कापायचं, या तिन्ही गोष्टी मुलाच्या हातात पाहिजेत. आपण बहुतेकदा मधली एकच देतो, ती पण गुणांच्या रूपात.

गुणांवरून आठवलं, रूथ बटलर यांनी इस्रायलमध्ये पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला अभ्यास १९८८ मध्ये आला, त्यात नुसता शेरा मिळालेली मुलं पुढे गेली आणि शेरा अधिक गुण मिळालेल्यांना तो फायदा झाला नाही, कारण नजर गुणांवरच जाते. म्हणून या खुणांना गुण अजिबात जोडू नका, जोडले की मुलं तुम्हाला आवडेल तेच लिहिणार.

वाडीवरची_शाळा
दोन गोष्टी सांगते. हात वर करून किंवा कार्ड दाखवून विचारू नका, लाल कार्ड दाखवणाऱ्या मुलाकडे सगळे वळून बघतात आणि पुढच्या वेळी तो हिरवंच धरतो. वहीच्या समासात बारीक ठिपका पुरे. आणि माझ्याकडे काही मुली अशा आहेत की सगळं बरोबर असतं तरी शंका म्हणून खूण करतात, त्यांच्या खुणा पण बघा, तिथे तुझं सलग बरोबर येतंय हे वही उघडून दाखवावं लागतं.

दुसरं म्हणजे शिकवल्या शिकवल्या विचारायचं नाही. सगळं डोळ्यासमोर ताजं असतं तेव्हा आलंय असंच वाटतं. नेल्सन आणि डनलॉस्की यांनी १९९१ मध्ये हेच दाखवलं, थोडा वेळ जाऊ देऊन विचारलं तर माणसाचा स्वतःबद्दलचा अंदाज कितीतरी अचूक येतो. मी दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर कालचं एक गणित पुस्तक मिटून देते.

गणित_सहावी
खूप आभार सगळ्यांचे. अर्ध्या भाकरीचं उद्याच करते. पण प्रगतीपत्रकातला तो रकाना भरायचा कसा, तो तर भरायलाच लागणार ना?

खडू_डस्टर
भरा की, फक्त मुलाला वही समोर घेऊन बसवा. मला येतं असं लिहिलं की कुठल्या पानावरून म्हणतोस ते पान उघडून दाखवायचं, आणि अजून काय जमत नाही त्याचं पण एक गणित शोधायचं. एका बैठकीत पूर्ण वर्ग होत नाही, रोज एक गट घेतला तर जमतं.