'केट डॅनियल्स' ही इलोना अँड्र्यूजची फँटसी मालिका: शेवटच्या पुस्तकाआधी काय वाचायचं?

दादरकर: नववं पुस्तक संपलं. आता थेट दहावं, 'मॅजिक ट्रायम्फ्स' घेऊ का?

पानवेडा: थांबा हो! आधी 'आयर्न अँड मॅजिक'. दोन्ही 2018चीच, पण खलनायक ह्यू कसा बदलला ते यातच आहे. हे गाळलं तर दहाव्यात त्याचं वागणं पटतच नाही.

ठाणे_लोकल: 'गनमेटल मॅजिक' वाचलंत? पाचव्या-सहाव्याच्या मधलं, केटच्या मैत्रिणीचं, अँड्रियाचं. मागे 'मॅजिक गिफ्ट्स' ही केटची लघुकादंबरी जोडलीय. ती सोडू नका.

दादरकर: फोर्टच्या फुटपाथवर सुटे भाग मिळाले तर क्रम कसा ओळखायचा? सगळीच 'मॅजिक'!

पानवेडा: कव्हर सोडा, आतलं कॉपीराइटचं पान उघडा. पहिलं 2007चं, पाचवं 2011चं, नववं 2016चं. छपाईचं नव्हे, पहिल्या आवृत्तीचं साल बघा.