बेसा, नागपूर: बोअरच्या जड पाण्यानं गिझरची कॉइल दुसऱ्यांदा गेली. पूर्ण घराला सॉफ्टनर (जड पाणी मऊ करणारं यंत्र) बसवावा का?

बेसेकर_ताई
नमस्कार. आमच्या स्कीममध्ये वापराला फक्त बोअरचं पाणी आहे. प्रयोगशाळेचा अहवाल: टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ७६०, एकूण काठिण्य (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) ४८०, अल्कलिनिटी (मुख्यतः बायकार्बोनेट) ३५० (सगळं मिलिग्रॅम प्रति लिटर). गिझर १५ लिटर, २००० वॅट. पाणी तापताना आतून खदखद आवाज येतो आणि अधूनमधून ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) ट्रिप होते. फ्रंट लोड मशीन आणि कूलरही याच पाण्यावर आहेत.

पाना_पक्कड
ताई, ट्रिप होत असेल तर आज गिझर लावूच नका. कॉइलवर क्षाराचा थर चढला की तिची उष्णता पाण्यात जात नाही, बाहेरची नळी तापून चिरते, आत पाणी शिरतं आणि करंट अर्थिंगला उतरतो. ईएलसीबी तेच सांगते आहे. ती काढून थेट जोडणी करून देणाऱ्याला घरात घेऊ नका.

एमसीबी बंद करून मल्टिमीटरनं तपासा. कॉइलच्या दोन टोकांत साधारण २६ ओहम यायला हवेत, आणि टोक ते धातूची बॉडी यांच्यात काहीच जोड दिसायला नको. दिसली तर कॉइल बदलायचीच, धुऊन उपयोग नाही.

कॉइल शाबूत असेल तर: इनलेट बंद, टाकी पूर्ण रिकामी, फ्लँजचे (कॉइल बसवलेल्या झाकणाचे) नट काढून कॉइल बाहेर. तळाचे खडे आधी हातानं काढा. १०० ग्रॅम थर विरघळवायला जवळपास १३० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड (लिंबूसत्व) लागतं, त्यामुळे वाटीभर खडे तसेच ठेवून वर अ‍ॅसिड ओतणं म्हणजे पैसे वाया. मग कोमट पाण्यात लिटरला ५० ग्रॅम घालून कॉइल दोन-तीन तास बुडवा, वायरची टोकं पाण्याबाहेर ठेवून. उकळतं पाणी नको. त्यात कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा गाळ पुन्हा चिकटतो. टाकीला आतून काचेचा लेप असेल तर तारेचा ब्रश लावू नका.

जोडताना गॅस्केट नवीन घ्या. मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी कांडी) झिजून आतली तार दिसत असेल तर तोही बदला. सेफ्टी व्हॉल्व्हची कळ महिन्यातून एकदा उचलून पाणी सुटतं का बघा. क्षारानं तो जाम झाला तर टाकीतला दाब निघायला वाट राहत नाही.

थर्मोस्टॅट ५०-५५ वर ठेवा. ६० च्या वर गेलं की थर फार वेगानं बसतो.

रेझिनवाला
तुमच्या अहवालात खरा आकडा अल्कलिनिटीचा आहे. ४८० पैकी ३५० पर्यंतचं काठिण्य तापवल्यावर चुन्यासारखं खाली बसू शकतं. रोज १२० लिटर गरम पाणी काढलं आणि सगळं बसलं तर ४२ ग्रॅम होतं. प्रत्यक्षात त्याचा काही भागच बसतो, पण रोज बसतो. नुसता टीडीएस मीटर हे दाखवत नाही.

पूर्ण घराला सॉफ्टनर नको. हिशोब बघा: एक लिटर रेझिन (सॉफ्टनरमधले काठिण्य धरणारे दाणे) साधारण ५० ग्रॅम काठिण्य धरतं. फक्त गिझर आणि मशीनच्या लाईनला, म्हणजे दिवसाला सव्वादोनशे लिटरला, १० लिटर रेझिन पुरे. ते हजार लिटरच्या आसपास, म्हणजे साडेचार दिवस चालेल. मग रेझिन पुन्हा ताजं करायला दीड किलो साधं, आयोडीन नसलेलं मीठ १५ लिटर पाण्यात विरघळवून अर्धा तास सावकाश सोडायचं आणि खारटपणा जाईपर्यंत धुवायचं. पाण्यात लोह असेल तर आधी लोहाचा फिल्टर लावा, नाहीतर रेझिन तांबडं पडून निकामी होतं.

सॉफ्टनरनं टीडीएस कमी होत नाही. कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं, तुमच्या पाण्यात लिटरला सुमारे २२० मिलिग्रॅम. म्हणून स्वयंपाकाची लाईन आणि झाडं यापासून लांब ठेवा.

बेसेकर_ताई
आभार भाऊ. मशीनला वेगळं काही? आणि कूलरच्या जाळ्या महिन्याभरात दगडासारख्या होतात. आरओचं वाया जाणारं पाणी कूलरला चालेल का?

पाना_पक्कड
मशीन: रिकाम्या ड्रममध्ये १०० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, ६० अंशांचं चक्र, दोन महिन्यांतून एकदा. ब्लीचसोबत कधीच नाही, क्लोरीन वायू सुटतो. इनलेटची जाळीही काढून धुवा.

रेझिनवाला
कूलरला आरओचं पाणी अजिबात नको, त्यात क्षार आधीच दाटलेले असतात. कूलरमधून वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी, क्षार टाकीतच राहतात. नुसती भर घालत राहिलात तर मे महिन्यातल्या नागपुरी उन्हात टाकीतलं पाणी काही दिवसांतच कितीतरी पट दाट होतं.

पंपाच्या नळीला टी (तीन तोंडांचा जोड) लावून बारीक नळीनं थोडं पाणी सतत मोरीत सोडा. तासाला ८ लिटर उडत असेल आणि ४ लिटर सोडलं तर क्षार तिपटीवर थांबतात, २ लिटर सोडलं तर पाचपटीवर. किती उडतं ते टाकीवर खूण करून दोन तासांत कळेल. सोडलेलं पाणी फ्लशला वापरा, तुळशीला घालू नका. इतकं जमत नसेल तर दर तीन दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करा. खस असो वा वुडवूल, वरच्या पन्हाळीची भोकं तारेनं मोकळी ठेवा. पाणी जिथं पोचत नाही तिथं जाळी आधी वाळते आणि दगड तिथूनच सुरू होतो.

बेसेकर_ताई
हार्डवेअरवाला संडास साफ करायचं अ‍ॅसिड गिझरमध्ये टाका म्हणतो.

पाना_पक्कड
नको. ते हायड्रोक्लोरिक आहे. थर निघेल, पण त्यातलं क्लोराईड स्टीलच्या टाकीला आणि कॉइलच्या नळीला बारीक छिद्रं पाडतं, आणि बंद मोरीत त्याचा धूर छातीत भरतो. किराण्याच्या दुकानातलं लिंबूसत्वच घ्या.