तालमीत फ्लॅश वापरून फोटो काढायचेत, शिकायला सुरुवात कुठनं करू?

पंचगंगाकाठ:
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचाच, शुक्रवार पेठेत राहतो. माझा चुलतभाऊ तालमीत जातो आणि तिथल्या वस्तादांनी पहाटेच्या सरावाचे फोटो काढायला परवानगी दिलीय. आतापर्यंत मी सगळं दिवसाच्या उजेडातच काढलंय, रंकाळा, जोतिबा, पन्हाळा वगैरे, त्यामुळं फ्लॅशचा काही अभ्यास नाही. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा आहे, ५० एमएम १.८ आणि किट लेन्स आहे, आणि आता एक साधा मॅन्युअल फ्लॅश घेतलाय ज्यात टीटीएल, म्हणजे फ्लॅशचा उजेड आपोआप ठरवायची सोय, नाही.

अडचण अशी की तालीम जुनी आहे, वर कौलं आणि काळं पडलेलं लाकूड, म्हणजे छतावर मारून उजेड परत येईल असं काही नाही. दोन ट्यूबा आणि एक पिवळा बल्ब एवढंच. फ्लॅश कॅमेऱ्यावर लावून मारला की पैलवान पांढराफट्ट दिसतो, मागं सगळा काळोख, अंगावरचा घाम आणि तेल आरशासारखं चमकतंय, आणि हौद्यातली (कुस्तीच्या आखाड्यातली) माती उडते तिचे पांढरे ठिपके सगळ्या फोटोवर. फ्लॅश नाही लावला तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) ६४०० ला जाऊन पण हात हलतोय. मला ती तांबडी माती, ती जागा, तो पहाटेचा उजेड सगळं दिसायला पाहिजे आणि डाव पण गोठला पाहिजे. हे एका फोटोत होतं का? आणि ह्याच फ्लॅशवर शिकू का एलईडी लाईट घेऊ?

उजेडवाला_राजारामपुरी:
होतं की भावा, आणि तुझ्याकडं जे आहे त्यातच होतंय. मी लग्नाची कामं करतो, तालमीत पण बऱ्याचदा काढलेत, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की कर. फ्लॅश लावलेल्या फोटोत दोन एक्स्पोजर असतात, एक खोलीतल्या उजेडाचं आणि एक फ्लॅशचं, आणि ती दोन्ही वेगवेगळी हातात असतात. फ्लॅशचा झोत सेकंदाचा इतका छोटा भाग टिकतो की शटर १/६० ठेवलंस काय आणि १/१६० ठेवलंस काय, फ्लॅशचा उजेड तेवढाच येणार. पण ट्यूबचा उजेड शटर उघडं असेल तितका वेळ येत राहतो. म्हणजे शटरनं खोली कमीजास्त होते, आणि ॲपर्चर (लेन्सचं भोक, एफचा आकडा), आयएसओनं दोन्ही. तुझ्या फोटोत मागं काळोख येतोय तो फ्लॅशमुळं येत नाही, तू खोलीचं एक्स्पोजर घेतच नाहीयेस म्हणून येतोय.

म्हणून तालमीत गेलास की आधी फ्लॅश बंद ठेव. समजा आयएसओ ८००, एफ २.८, १/६० ला खोली बऱ्यापैकी दिसतीय. आता शटर १/१६० कर, खोली दीड स्टॉप खाली जाईल (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), म्हणजे भिंत, बजरंगबलीचा फोटो, कोपऱ्यातली गदा सगळं दिसेल पण अंधुक. ह्याच्यावर आता फ्लॅश चढवायचा. खोली फार उजळ ठेवून डाव काढायला गेलास तर पैलवान दोनदा दिसतो, एकदा फ्लॅशनं गोठलेला आणि त्याच्या कडेला ट्यूबमध्ये हललेला, म्हणून फ्लॅशपेक्षा खोली दीड-दोन स्टॉप खालीच ठेवायची. शटर मात्र १/२००च्या वर नेऊ नकोस, बऱ्याच कॅमेऱ्यांचा सिंक, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणारं सगळ्यात जलद शटर, १/२०० किंवा १/२५० असतो, त्याच्या वर गेलं की फोटोत काळी पट्टी येते.

डाव गोठवायचं काम शटर करत नाही, फ्लॅशचा झोत करतो. पूर्ण पॉवरवर झोत साधारण १/२५० सेकंद टिकतो, त्यात हात हलल्याचं दिसू शकतं, पण पॉवर कमी केली की झोत आखूड होतो, १/१६ वर तो १/५००० सेकंदाच्या आसपास जातो. म्हणजे कमी पॉवरला माती सुद्धा हवेत थांबते! बॅटरी पण टिकते आणि फ्लॅश लगेच चार्ज होतो.

दुसरी गोष्ट, फ्लॅश कॅमेऱ्यावरनं खाली काढ. साधा रेडिओ ट्रिगर (लांबचा फ्लॅश बिनवायरीनं पेटवणारा) आणि एक स्टँड एवढाच खर्च कर आत्ता, बाकी काही घेऊ नकोस. घाम पांढरा का चमकतोय तर फ्लॅश लेन्सच्या शेजारीच आहे, उजेड अंगावर आपटून सरळ लेन्समध्ये परत येतोय. मातीचं पण तेच, लेन्ससमोरच्या धुळीला समोरनं उजेड लागला की तिचे ठिपकेच होणार. फ्लॅश हौद्याच्या बाजूला, पैलवानांच्या जरा मागच्या अंगाला उंचावर ने, मग तोच घाम खांद्याच्या आणि पाठीच्या कडेनं रेघ काढतो, स्नायू उठून दिसतात, आणि उडालेली माती धुरासारखी उजळते. फ्लॅश फक्त फ्रेममध्ये येऊ देऊ नकोस.

आता अंतर. हे लोक लई हलक्यात घेतात. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. फ्लॅश पैलवानापासून १ मीटरवर असला आणि तो अर्धा मीटर लांब सरकला की एक स्टॉपच्या वर उजेड गेला, म्हणजे निम्म्याहून कमी. फ्लॅश ४ मीटरवर असला तर तोच अर्धा मीटर सरकल्यानं जेमतेम एक तृतीयांश स्टॉपचा फरक. कुस्तीत माणसं एका जागी थांबत नाहीत, म्हणून तिथं फ्लॅश लांब ठेव. वस्तादांचा बसलेला फोटो काढायचा असेल तर उलटं, लाईट जवळ आण, चेहऱ्यापासून १ मीटर, मग ४ मीटरवरच्या भिंतीवर उजेड सोळावा हिस्साच पोचतो.

टीटीएल नाही ते बरंच झालं. मॅन्युअलमध्ये एकदा बसवलं की प्रत्येक फोटोला तेवढाच उजेड येतो आणि तुला कळतं काय बदलल्यानं काय झालं. फ्लॅशच्या डब्यावर गाईड नंबर, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, असतो, तो आयएसओ १०० चा, मीटरमधला. समजा ३६ आहे. आयएसओ ४०० ला तो दुप्पट, ७२. पॉवर १/१६ केली की त्याचा चौथा भाग, १८. फ्लॅश ३ मीटरवर असला तर १८ भागिले ३, म्हणजे एफ ६ च्या आसपास. एवढ्या हिशोबानं पहिलाच फोटो जवळपास बरोबर येतो, पुढं स्क्रीन बघून थोडं इकडंतिकडं.

फुलेवाडी_क्लिक्स:
एवढं सगळं कशाला, सरळ एलईडी पॅनल घे. जे दिसतंय तेच फोटोत येतंय, सावली कुठं पडती ते डोळ्यानं बघत बघत शिकता येतं, व्हिडिओला पण चालतं, रील्स होतात. मी चप्पलच्या दुकानांची प्रॉडक्ट शूट सगळी एलईडीवर करतो, काय अडत नाही.

माती_आणि_मोती:
फुलेवाडी, चप्पल जागची हलत नाही म्हणून अडत नाही :) सावली शिकायला एलईडी चांगला हे मान्यच, पण कुस्ती गोठवायला १/५०० तरी शटर लागतं आणि तेवढं शटर ठेवून आयएसओ आटोक्यात राहील असा एलईडी म्हणजे मोठा, जड, महाग आणि तालमीत त्याला वायर ओढत न्यायची. त्या वितभर फ्लॅशमध्ये एका क्षणापुरता जो उजेड आहे तो त्याच किमतीच्या पॅनलमध्ये नाही. पैलवानांचे बसलेले, लांग बांधतानाचे, जोर मारून झाल्यावर दम खातानाचे फोटो असतील तर एलईडी मस्त.

पंचगंगाकाठ, मला रंगाचं सांगायचंय, ते कोणी लिहिलं नाही. फ्लॅशचा उजेड साधारण ५५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप), म्हणजे दुपारच्या उन्हासारखा. पिवळा बल्ब २७०० च्या आसपास. ट्यूब जुन्या असतील तर फोटोत हिरवट झाक येते, नवीन एलईडी ट्यूब असतील तर ६५०० म्हणजे निळसर. हे सगळं एका फोटोत मिसळलं की माती एका बाजूला तांबडी आणि दुसऱ्या बाजूला मळकट जांभळी दिसते, मग कॉम्प्युटरवर कितीही घासा. वस्तादांना विचारून एकतर बल्ब बंद कर नाहीतर ट्यूबा बंद कर. मी असतो तर ट्यूबा बंद करून तो बल्ब ठेवला असता आणि फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी), सीटीओ म्हणतात तो, चिकटवला असता. फुल सीटीओनं फ्लॅश साधारण ३२०० केल्विनवर येतो, बल्बच्या जवळ. व्हाईट बॅलन्स, म्हणजे कॅमेरा कुठला उजेड पांढरा धरतो ते, तिथंच सेट कर. मग खिडकीतनं येणारी पहाट आपोआप निळी दिसते आणि आत सगळं उबदार. पहाटेचा उजेड पाहिजे म्हणालास ना, तो असा मिळतो. खोली मात्र आता आणखी अंधारी झालेली असणार, त्यामुळं आयएसओ वाढवून एक्स्पोजर परत बघ.

ट्यूबवर काढताना सायलेंट (इलेक्ट्रॉनिक, बिनआवाजी) शटर बंद ठेव. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, सायलेंट शटरमध्ये आडवे पट्टे येतात, आणि बहुतेक कॅमेऱ्यांत त्या शटरवर फ्लॅश पेटतच नाही.

आणि एक विनंती. कुस्ती जुंपलेली असताना पैलवानाच्या डोळ्यासमोर फ्लॅश मारू नकोस. डाव सुटायच्या क्षणी डोळे दिपले तर माणूस वेडावाकडा पडतो, मान, खांदा जातो. बाजूनं, मागनं, उंचावरनं मार, आणि आधी दोघांना दोन-चारदा रिकामा मारून दाखव म्हणजे दचकणार नाहीत. स्टँडला खाली विटा-वाळूची पिशवी बांध, आणि हौद्याच्या कडेला ठेवूच नकोस.

पंचगंगाकाठ:
केवढं लिहिलंय सगळ्यांनी, खरंच मनापासून आभार. ट्रिगर आणि स्टँड घेतो. वस्तादांना बल्बचं विचारलं, हो म्हणालेत.

अजून दोन शंका. घरात आमच्या काकांचा रोलच्या जमान्यातला फ्लॅश आहे, चालू आहे, तो दुसरा लाईट म्हणून कॅमेऱ्यावर लावून वापरू का? आणि त्रिपुरी पौर्णिमेला पंचगंगा घाटावर बहिणीचा पणत्यांसोबत फोटो काढायचाय. तिथं फ्लॅश लावला की पणत्या मेल्यासारख्या दिसतात, नाही लावला तर तोंड अंधारात. तिथं पण हाच हिशोब का?

जुना_स्टुडिओ:
काकांचा फ्लॅश थेट कॅमेऱ्यावर लावू नका. त्या काळच्या काही फ्लॅशच्या पिनेवर दोनशे-अडीचशे व्होल्टपर्यंत दाब असतो, तेव्हाच्या कॅमेऱ्यांना ते सोसायचं, आजच्या डिजिटल कॅमेऱ्याचं सर्किट जळू शकतं. फ्लॅश चार्ज करून मल्टिमीटरनं मधली पिन आणि कडेची पट्टी ह्यातलं व्होल्टेज कुणा जाणकाराकडनं मोजून घ्या. जास्त निघालं तर त्याला ऑप्टिकल स्लेव्ह लावा, जास्त दाब सोसणारा आहे ना ते विचारून घ्या, म्हणजे तो तुमच्या नव्या फ्लॅशचा उजेड बघून आपोआप पेटेल आणि कॅमेऱ्याशी त्याचा संबंधच येणार नाही. तो फ्लॅश उघडायला मात्र जाऊ नका, आत कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास साठा असतो आणि सेल काढल्यावरही राहतो.

पण मी म्हणेन दुसरा लाईट इतक्यात नकोच. माझं आयुष्य स्टुडिओत गेलं, आधी मोठे बल्ब, मग फ्लॅश. नवीन पोरगं कामाला आलं की त्याला मी एक मातीचा माठ आणि एकच लाईट द्यायचो आणि सांगायचो लाईट माठाभोवती फिरव, समोर, बाजूला, मागं, वर, आणि माठाची गोलाई कधी दिसते नि कधी जाते ते बघ. माठाच्या जागी माणूस बसवला तरी उजेड तसाच पडतो. मग अंधाऱ्या बाजूला एक पांढरा थर्माकोल धरायचा आणि सावली किती उघडते ते बघायचं. तुमचा दुसरा लाईट तो.

आणि तुम्ही कोल्हापुरात बसून हे शिकताय ह्याचं मला फार कौतुक वाटतंय. सिनेमा काढणाऱ्या बाबूराव पेंटरांनी ह्याच गावात स्वतःचा कॅमेरा तयार केला, सिनेमाचं शूटिंग बहुतेक उन्हावर चालायचं त्या काळात १९२३ च्या सिंहगडसाठी त्यांनी कृत्रिम दिव्यांचा उजेड वापरला. मूळचे चित्रकार, त्यामुळं उजेड कुठनं यायला हवा हे त्यांना आधीच माहीत होतं. तुम्ही पण टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये जाऊन जुन्या कोल्हापुरी चित्रकारांची व्यक्तिचित्रं बघा, नाकाची सावली कुठं पडलीय, डोळ्यात उजेडाचा ठिपका कुठं आहे ते बघा. त्यानं हात लवकर तयार होतो.

माती_आणि_मोती:
काका, माठाचं मी उद्याच करून बघतो.

घाटावरचं मी सांगतो. हिशोब तोच, पण तिथं फ्लॅश फार म्हणजे फारच कमी लागतो. पणत्यांच्या जवळ आयएसओ १६००, एफ २.८, १/३० च्या आसपास एक्स्पोजर बसतं. त्या सेटिंगला ३६ गाईड नंबरचा फ्लॅश २ मीटरवरनं सरळ मारला तर १/१२८ ला सुद्धा दोन स्टॉपच्या वर जास्त होतो, म्हणजे फ्लॅशमध्ये पॉवर कमी करायला जागाच उरत नाही. पणत्या मेल्यासारख्या दिसतात त्या ह्यामुळं. मग उजेड फ्लॅशच्या बाहेरनं कमी करायचा. फुल सीटीओ लाव, त्यात जवळपास पाऊण स्टॉप जातो, ज्योतीचा रंग बल्बपेक्षाही पिवळा असतो म्हणून त्याच्यावर अजून अर्धा सीटीओ चढवलास तरी चालेल. फ्लॅशवर पांढरा रुमाल दोन घड्या करून रबरानं बांध, आणि लांब धर. गर्दीत छत्री-स्टँड काही उघडता येणार नाही, भावाला हातात धरून उभा कर. पणत्यांचा उजेड खालनं येतो, म्हणून फ्लॅश पण खालच्या पायरीवरनं, तिच्या चेहऱ्याच्या बाजूनं यावा, वरनं आला की लगेच खोटं वाटतं. चेहरा पणत्यांपेक्षा एक स्टॉप अंधारा राहिला तरी चालेल, उलट बराच दिसतो.

१/३० ला तिला श्वास धरून थांबायला सांग. बाकी पहाटेच जा, आकाश जरा निळं व्हायला लागलं की नदीच्या पलीकडचं पण दिसतं, ती पंधरा-वीस मिनिटंच मिळतात, त्यामुळं पॉवर, जेल, अंतर हे सगळं आदल्या रात्री गच्चीवर चार पणत्या लावून बसवून ठेव. आणि घाटाच्या पायऱ्यांवर तेल सांडलेलं असतं, फ्लॅश धरणाऱ्याला पायात चप्पल नीट घालून यायला सांग.