'हाय गाईज' मधला 'गाय' कोण?

जुळे_सोलापूर_आई: मुलगी पुण्याला नोकरीला. सुट्टीवर आली तरी लॅपटॉप उघडाच. परवा मी भाकरी थापत होते, तर कानावर आलं, 'हाय गाईज'. डोकावून बघते तर समोर चौघी पोरीच! इंग्रजीत 'गाय' म्हणजे पुरुष ना?

सात_रस्ता_मास्तर: ताई, हे मुळात एका माणसाचं नाव, गाय फॉक्स. १६०५ साली लंडनच्या संसदेखालच्या तळघरात दारूगोळ्याची ३६ पिंपं ठेवून राजालाच उडवायचा कट होता. ५ नोव्हेंबरला हा तिथंच सापडला. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी तिकडं शेकोट्या पेटतात. पोरं जुन्या सदऱ्या-विजारीत चिंध्या कोंबून त्याचा पुतळा करायची, गल्लीत फिरवून पैसे मागायची अन् रात्री जाळायची. त्या पुतळ्याला म्हणायचे 'गाय'. पुढं गबाळ्या, विचित्र कपड्यांतल्या माणसालाही तेच नाव पडलं. अमेरिकेत हेटाळणी गळाली, नुसता 'माणूस' उरला. जाळायच्या पुतळ्याचं नाव मित्रांना हाक मारायला यावं, याचं मला अजून नवल वाटतं.

काय_बे_सोलापूर: आपल्या 'काय बे'सारखंच की सर! नवी पेठेत दोस्ताला म्हटलं तर खांद्यावर हात टाकतो, बाहेरगावी म्हटलं तर भांडायला उठतात.

जुळे_सोलापूर_आई: मग पोरींना चालतं म्हणायचं?

सात_रस्ता_मास्तर: घोळक्याला चालतं. एकट्या मुलीला मात्र कुणी 'गाय' म्हणत नाही.