दारावरचा ५ नंबर

ताई, 'फ्रेंड्स' या अमेरिकन मालिकेत मोनिकाच्या घराच्या दारावर आधी ५ आणि मग २० दिसतो, हा निव्वळ गलथानपणा असं तुम्ही म्हणता. मला नाही पटत. तिच्या बाल्कनीतून बघितलं की घर वरच्या मजल्यावर आहे हे कळतं, आणि ५ नंबर खालच्या मजल्याचा वाटतो. हे ध्यानात आलं म्हणून पहिल्याच सीझनमध्ये नंबर बदलला. समोर चँडलर-जोईकडेही ४चा १९ झाला. चूक होती, पण सुधारली.

आमच्या सोलापुरात मावशीच्या बिल्डिंगमध्ये ३०२ म्हटलं की तिसरा मजला, पुढं काही विचारावं लागत नाही. परवा तिच्याकडेच कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात सुरुवातीचे भाग पुन्हा लावले. दार आलं की थांबवायचं. ५ अगदी स्वच्छ दिसतो.

खरी घोडचूक रॉसच्या वयाची. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या सीझनमध्येही तो २९चाच! इतक्या लाडक्या पात्राचं वय कुणीतरी लिहून ठेवायला हवं होतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि मोनिकाच्या दारावर टांगलेली ती पिवळी चौकट मुळात आरशाची. सेटवर काच फुटली, चौकट तेवढी राहिली.