ट्रकच्या इंजिनातील तुटलेली व्हॉल्व्ह स्प्रिंग हेड न उतरवता बदलता येईल का?

प्रश्न

माझ्या जुन्या डिझेल ट्रकचे इंजिन एका रांगेतील सहा सिलिंडरचे असून त्यात पुशरॉड व रॉकरची साधी रचना आणि प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह आहेत. टॅपेट वाजल्यासारखा आवाज येऊ लागला होता, थंड इंजिन सुरू करताना पांढरा धूर दिसत होता आणि चढावर ताकद कमी पडत होती. टॅपेट कव्हर उघडल्यावर तिसऱ्या सिलिंडरच्या एग्झॉस्ट व्हॉल्व्हची बाहेरची स्प्रिंग तुटलेली आढळली. आतली स्प्रिंग शाबूत आहे आणि तिच्यामुळेच व्हॉल्व्ह अद्याप जागेवर आहे. त्यानंतर मी इंजिन सुरू केलेले नाही. टॉर्क पाना, डायल गेज आणि हवेचा कॉम्प्रेसर माझ्याकडे आहे. हेड न उतरवता काम करताना व्हॉल्व्ह आत पडू नये यासाठी काय करावे, आणि एकच स्प्रिंग बदलावी की सर्व, याबद्दल मार्गदर्शन हवे आहे.

पहिले उत्तर

इंजिन सुरू न करण्याचा आपला निर्णय अत्यंत योग्य आहे. आतली स्प्रिंगही तुटली असती, तर रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) सैल होऊन कॉटर (रिटेनरला व्हॉल्व्हच्या दांड्यावर धरून ठेवणाऱ्या छोट्या चाप्या) निसटले असते आणि सिलिंडरमध्ये पडलेल्या व्हॉल्व्हने पिस्टन, लायनर व हेड या तिन्हींचा नाश केला असता.

हेड न उतरवता हे काम निश्चित करता येते. कॉम्प्रेसर असला तरी आपण त्यावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इंजेक्टरच्या छिद्रातून हवा भरून व्हॉल्व्ह वर धरून ठेवण्याची पद्धत प्रचलित आहे. परंतु १०० मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर ५ बार दाबाची हवा सुमारे ४०० किलोचा जोर देते. पिस्टन वरच्या टोकापासून किंचित जरी सरकलेला असेल, तर क्रँक अचानक फिरतो आणि त्यावर पाना अडकवलेला असल्यास गंभीर इजा होऊ शकते. याउलट, बहुतेक डायरेक्ट इंजेक्शन डिझेल इंजिनांत पिस्टन टीडीसीवर (सर्वांत वरच्या टोकावर) असताना तो व्हॉल्व्हच्या इतका जवळ असतो, की स्प्रिंग काढल्यावर व्हॉल्व्ह जेमतेम एक-दोन मिलिमीटर खाली येऊन पिस्टनवरच टेकतो. हवेचा आधार जाऊ शकतो, पिस्टनचा जात नाही.

आपल्या रचनेत १ व ६, २ व ५, ३ व ४ हे पिस्टन जोडीने वर येतात. पहिल्या सिलिंडरच्या टीडीसीची खूण जुळवून पुलीवर १२० अंशांच्या अंतराने आणखी दोन खुणा केल्यास तिन्ही जोड्यांची जागा मिळते. १-५-३-६-२-४ या फायरिंग ऑर्डरमध्ये (सिलिंडर पेटण्याच्या क्रमात) ३ व ४ ची जागा पहिल्या खुणेपासून क्रँक नेहमीच्या दिशेने २४० अंश फिरवल्यावर येते. रॉकर शाफ्टचे बोल्ट एकेक पूर्ण न सोडता सर्व थोडेथोडे सैल करत न्यावेत. पुशरॉड काढताना प्रथम गोल फिरवून तेलाची पकड सोडवावी, अन्यथा खालचा टॅपेटही वर ओढला जाऊन जागेवरून निसटू शकतो. सर्व पुशरॉड क्रमाने ठेवावेत.

स्प्रिंग दाबण्यापूर्वी पुशरॉडची व तेल परत जाण्याची सर्व छिद्रे स्वच्छ कापडाने बुजवावीत. कॉटर एवढासा असतो आणि तो ऑइल चेंबरमध्ये गेला, तर दिवसभराचे काम वाढते. स्प्रिंग निघाल्यावर व्हॉल्व्हच्या टोकावर डायल गेज ठेवून क्रँक काही अंशच मागेपुढे हलवावा; सुई जिथे सर्वांत वर थांबते तिथे खरा टीडीसी असतो. त्यानंतर त्या जोडीचे काम संपेपर्यंत क्रँकला हात लावू नये. स्टार्टर चुकूनही फिरू नये म्हणून बॅटरीची तार सुरुवातीलाच काढलेली असावी.

दुसरे उत्तर

वरील पद्धतीशी मी सहमत आहे, मात्र नवी स्प्रिंग बसवण्याआधी व्हॉल्व्ह वाकला आहे का हे तपासणे स्प्रिंग बदलण्याइतकेच महत्त्वाचे आहे. स्प्रिंग कमकुवत झाली, की वेगात व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही आणि वर येणारा पिस्टन त्याला स्पर्श करू शकतो. स्प्रिंग निघालेली असताना व्हॉल्व्ह वर ओढून धरावा आणि बोटांनी पूर्ण फिरवावा. तो एखाद्या जागी अडकत असेल किंवा डायल गेजची सुई एका फेऱ्यात वरखाली होत असेल, तर हेड उतरवण्यावाचून पर्याय नाही. तुटलेल्या स्प्रिंगचे तुकडे जुळवून पाहावेत आणि पूर्ण लांबी भरत नसल्यास उरलेला तुकडा चुंबकाने शोधून काढावा.

स्प्रिंग सर्वच बदलाव्यात. त्या सर्वांनी सारखेच फेरे सोसलेले असतात आणि एक थकून तुटली असेल, तर बाकीच्याही त्याच वाटेवर असतात. व्हॉल्व्ह सीलही याच वेळी नवे घालावेत. आतली व बाहेरची स्प्रिंग उलट दिशांना वळलेली असते, जेणेकरून एक तुटली तरी तिचे वेढे दुसरीत अडकू नयेत. जुळवताना ही दिशा पाहावी. वेढे एका टोकाला दाट असतील, तर ते टोक हेडकडे ठेवावे. स्प्रिंगची तार पकडीने कधीही धरू नये, कारण पृष्ठभागावरच्या बारीक ओरखड्यापासूनही पुढे तडा सुरू होतो.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सविस्तर उत्तरांबद्दल आभारी आहे. तुटलेल्या जागी तारेवर गंजाचे बारीक खड्डे दिसतात. ट्रक बराच काळ उभा होता, आणि त्याला एग्झॉस्ट ब्रेकही (धुराची वाट अडवून गाडीचा वेग कमी करणारा ब्रेक) आहे. या दोन्हींचा स्प्रिंगशी संबंध असू शकतो का?

दुसऱ्या उत्तरदात्याचे स्पष्टीकरण

दोन्हींचा संबंध असू शकतो. इंजिन दीर्घकाळ उभे राहिले, की टॅपेट कव्हरखाली ओल साचते, तारेवरचे तेल ओघळून जाते आणि गंजाचा खड्डा पडतो. पुढे प्रत्येक दाबाला त्या खड्ड्याच्या तळाशी ताण एकवटतो. आपण वर्णन केलेल्या खुणांवरून मला हेच मुख्य कारण वाटते.

एग्झॉस्ट ब्रेक लावल्यावर मॅनिफोल्डमधील दाब वाढतो आणि स्प्रिंग पुरेशी ताठ नसेल, तर एखाद्या अन्य सिलिंडरचा मिटलेला एग्झॉस्ट व्हॉल्व्ह त्या दाबाने उचलला जाऊन पुन्हा आपटतो. म्हणून एग्झॉस्ट ब्रेक असलेल्या इंजिनासाठी उत्पादकाने जास्त ताठ स्प्रिंग सांगितली आहे का, हे भागांच्या यादीत पाहूनच खरेदी करावी. खालच्या गिअरमध्ये उतार उतरताना वेग मर्यादेबाहेर जाऊ देणेही तितकेच घातक आहे, कारण गव्हर्नर (इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणारी यंत्रणा) इंधन तोडू शकतो, पण चाकांनी ओढलेले इंजिन थांबवू शकत नाही.

पहिल्या उत्तरदात्याची पुरवणी

कॉटर खाचेत टिकून राहावेत म्हणून थोडे ग्रीस लावावे. स्प्रिंग सोडल्यानंतर डोळ्यांवर चष्मा लावून व्हॉल्व्हच्या टोकावर प्लास्टिकच्या हातोडीने हलके ठोकावे; नीट न बसलेला कॉटर तेव्हाच निसटतो. शेवटी टॅपेटचे अंतर पुस्तिकेतील मापाने सेट करून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावा. कोठेही अडथळा जाणवला, तर जोर न लावता तेथेच थांबून कारण शोधावे.